लिफ्ट केलेल्या गाडीचे मागचे बलून सारखे फुटतायत? स्पेसर टाकण्याआधी एवढं मोजा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. गाडी दोन इंच लिफ्ट केलेली, म्हणजे लांब कॉईल स्प्रिंग घालून उंच केलेली, मागच्या दोन्ही कॉईलच्या आत हवेचे बलून, संध्याकाळी हवा भरून लावली की सकाळी डावी बाजू दोन बोटं बसलेली. परत भरली की चार दिवस बरी चालते, मग परत तेच, आणि दीड-दोन महिन्यात बलूनच कायमचा जातो. माझ्याकडं हे दोन पावसाळे चाललं. चार बलून गेले. पहिले दोन स्पेसर (बलूनखाली ठेवायचा ठोकळा) नव्हता म्हणून गेले आणि पुढचे दोन स्पेसर होता म्हणून गेले, वाचायला विनोदी वाटतंय पण झालं तसंच, आणि चारातला एकही बलून मुळात खराब नव्हता.

बलून म्हणजे स्टिअरिंगमधली एअरबॅग नव्हे हं, एकदा पार्टच्या दुकानात एअरबॅग म्हणालो तर त्यानं अपघात कुठं झाला म्हणून विचारलं. हा कॉईल स्प्रिंगच्या पोटात बसणारा पॉलियुरेथेनचा जाड लांबट फुगा. गाडी उचलून धरायचं काम कॉईलचंच, बलून फक्त लोड पडला की हात लावतो. भारी गाड्यांना कॉईलच नसते, नुसत्या हवेवर बसतात, ते प्रकरण वेगळं.

गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की लोक मूळ प्रश्न सोडून ब्रँडवरनं भांडत बसतात. मागं सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा), कॉईल स्प्रिंग, आणि शॉकअप कॉईलच्या बाहेर वेगळा, एवढं जुळलं की खालचं सगळं लागू. जुनी स्कॉर्पिओ, जुनी सफारी, फॉर्च्युनर ह्याच जातीतल्या. बोलेरोला मागं पाटे, तिथला बलून पाटा आणि चासीच्या मध्ये बसतो, त्याचं गणित इथं नाही. आणि ज्या गाडीत शॉकअपच कॉईलच्या मधनं जातो तिथं हा बलून शिरायलाच जागा नसते, तिथं नाद सोडा.

मला हे लागलं कशाला, तर शेत आमचं खानापूर सोडून जांबोटीच्या बाजूला. युरियाची सहा पोती टाकली, ४५ किलोचं एक म्हणजे २७० किलो, वर दोन माणसं आणि पाण्याचे कॅन, की मागचा बंपर रस्त्याला नमस्कार करतो आणि हेडलाईट झाडावरची वटवाघळं शोधतात. म्हणून बलून घातले, आणि ते दोन वर्षं निवांत चालले, ही गोष्ट लक्षात ठेवा. मग पावसात शेताकडच्या वाटेवर तांबड्या मातीत चाकोऱ्या इतक्या खोल पडायला लागल्या की मध्ये डिफ्रन्शियलचा गोळा घासायला लागला, म्हणून दोन इंच लिफ्ट केली. लांब कॉईल, लांब शॉकअप, आणि बलून? जुनेच, धुवून परत आत सरकवले. तिथंच चुकलं.

आता आकडे. हे माझ्या गाडीचे आहेत, तुमचे वेगळे येणार, पद्धत बघा. स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ कॉईल असताना रिकामी गाडी सपाट जागेवर उभी, तेव्हा कॉईलच्या खालच्या सीटपासून वरच्या सीटपर्यंत (सीट म्हणजे कॉईलचं टोक टेकतं ती बैठक, बसायची नव्हे) आतली उंची २५० मिमी. बलून भरून मोजला तर २३०. म्हणजे वर २० मिमी मोकळं, थोडा लोड पडला की बलून टेकतो आणि कामाला लागतो. लिफ्ट झाल्यावर तीच जागा ३०० झाली आणि बलून तेवढाच २३०. वर ७० मिमीची पोकळी. आता सहा पोती टाकली तरी पहिले ७० मिमी गाडी कॉईलवरच बसत जाणार, बलून नुसता बघत बसणार. मग आपण काय करतो, हवा कमी पडली असं समजून अजून भरतो. माझ्या किटवर कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५ पीएसआय असं लिहिलंय, मी ३८ पर्यंत गेलो होतो, कबूल करतो. वर टेकायला काही नाही आणि आत हवा ठासलेली, मग तो बाजूला फुगतो आणि कॉईलच्या दोन वेढ्यांच्या मधनं पोट बाहेर काढतो. खड्डा आला, वेढे जवळ आले, चिमटा बसला.

शिवाय सैल बलून आत वर-खाली उड्या मारतो. आपल्याकडं त्यात तांबडी माती असते, ओली असताना चिखल आणि वाळली की पॉलिश पेपर. दोन महिन्यात बलूनची सालं निघतात.

म्हणून नवीन बलून मागवायच्या आधी जुना बाहेर काढा, धुवा आणि उन्हात धरून नीट बघा, तो काय झालं ते स्वतः सांगतो. अंगावर तिरक्या गोल रेघा, जिन्यासारख्या चढत गेलेल्या, तर बलून कॉईलला घासतोय म्हणजे सैल आहे नाहीतर जादा हवेनं फुगलाय. नोझलच्या (हवेची नळी लागते ते तोंड) मुळाशी चीर असेल तर तो उड्या मारतोय आणि नळी त्याला ओढतेय. तळाच्या किंवा वरच्या काठाला घडी पडून घडीवरच फाटलाय तर तो गरजेपेक्षा जास्त चेपला गेलाय, हे उलट दुखणं, पुढं येतोच त्यावर. एकाच जागी चकाकी आणि कडकपणा असेल तर सायलेन्सरची धग लागतेय. आणि अंगावर काहीच खूण नसेल पण हवा उतरतेय, तर बलूनला दोष देऊ नका, साबणाचं पाणी घ्या आणि नोझल, टी (दोन्ही बलूनच्या नळ्या एकत्र करणारा जोड), व्हॉल्व्ह ह्या तीन जागी लावा, बहुतेक वेळा बुडबुडा नळी जिथं घुसते तिथंच येतो. पक्कडीनं नळी तोडली की तोंड अंडाकृती होतं आणि मग कितीही ढकला ती गळणारच, ब्लेडनं काटकोनात कापायची. व्हॉल्व्हची पिन टायरचीच असते, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं मिळते.

माझ्या पहिल्या दोन बलूनवर जिन्याच्या रेघा होत्या. डावीकडंच का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा जांबोटीहून येताना समोरनं वाळूचा टिप्पर आला, मी साईडपट्टीवर उतरलो आणि लक्षात आलं. डांबराच्या काठाला वीतभर उतार, समोरच्याला वाट द्यायला प्रत्येक वेळी डावं चाकच खाली उतरतं आणि परत चढताना धपकन वर येतं. दिवसातनं वीस वेळा डावी कॉईल पूर्ण सुटते आणि पूर्ण दबते. उजवीला हा त्रास नाहीच.

तर स्पेसर टाकायचं ठरलं. गॅरेजवाल्या मामांनी जाड रबराचे तुकडे एकावर एक ठेवून १०० मिमीचा ठोकळा केला आणि खाली घातला. "गच्च बसला बघा मालक, आता हलतंय कुठं." मलाही पटलं, कारण आदल्या वेळी सैल होता म्हणून गेला होता. गाडी मात्र लगेच कडक झाली, प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यात मोजता येत होता. १०० अधिक २३० म्हणजे ३३०, आणि जागा ३००. उभ्या गाडीतच बलून तीस मिमी दाबलेला. मी म्हटलं बसेल हळूहळू. बसला की. चोर्ला घाटाच्या वळणावर एका खड्ड्यात फाट करून आवाज आला, मागचे दोघं "टायर गेलं" म्हणून ओरडले, टायर चारी शाबूत. काढून बघितला तर तळाच्या काठाला घडी आणि घडीवर चार बोटं फाट. नवीन घालून तोच ठोकळा परत ठेवला, कारण तेव्हाही मला वाटलं की हा पीस डिफेक्टिव्ह असेल. पाच आठवडे टिकला.

ह्यातनं एक गोष्ट डोक्यात बसली ती अशी, की बलूनची उंची बदलते आणि ठोकळ्याची बदलत नाही. गाडी पूर्ण दबते तेव्हा ठोकळा आपली जागा तेवढीच अडवून बसतो आणि सगळी चेपाचेपी बलूनच्या वाट्याला येते. स्पेसर हा गाडी उंच करायला नाही, बलून गच्च बसवायलाही नाही, उभ्या गाडीतली जादा पोकळी तेवढी भरायला आहे. आणि किती भरायची ते गाडी पूर्ण दबल्यावर काय उरतं त्यावर ठरतं.

म्हणून माप दोन ठिकाणी घ्यायचं. पहिलं सोपं, रिकामी गाडी, टाकी अर्धी, सपाट फरशीवर, दोन सीटमधली उंची. माझी ३००. दुसरं जरा कष्टाचं. चासीखाली दोन्हीकडं मजबूत घोड्या लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, ह्यात मस्करी नाही. शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, ब्रेकचा होज ताणत नाही ना बघा, एक्सल खाली सोडा, दोन्ही कॉईल बाहेर काढा. मग जॅकनं एक्सल हळूहळू वर घ्या, बंपस्टॉपचं रबर (एक्सल वर येऊन शेवटी आदळतो तो ठोकळा) टेकेपर्यंत. तिथं सीट ते सीट मोजा. माझं १८५ आलं. पण खड्ड्यात ते रबरही दबतं, म्हणून १५ वजा केले, धरले १७०. आमच्या गाडीत बंपस्टॉप कॉईलच्या बाहेर चासीला आहे म्हणून हे सरळ जमलं. काही गाड्यांत तो कॉईलच्या आतच वरनं लोंबतो, बलून बसवायला तो कापावा किंवा काढावा लागतो, आणि मग शेवटचा धक्का बलूनच झेलणार. तिथं गाडी रिकाम्या बलूनवर कधीच चालवायची नाही आणि कापून उरलेलं बूड मापात धरायचं.

तिसरा आकडा बलूनचा. हवा काढून व्हॉल्व्हची पिन काढायची, दोन फळ्यांच्या मध्ये धरून व्हाईसमध्ये हळू दाबायचा, जिथं जोर लावल्याशिवाय पुढं जात नाही तिथं थांबायचं. माझा ९० मिमीला थांबला.

आता हिशेब. उभ्या गाडीत ३०० वजा २३०, उरले ७०, त्यातले १५ मोकळे सोडायचे, म्हणजे ५५. पूर्ण दबल्यावर १७० वजा ९०, उरले ८०, त्यातले २० सेफ्टीला सोडायचे, म्हणजे ६०. दोन्हीतला लहान घ्यायचा. ५५. मामांचा ठोकळा १०० होता, दबल्यावर बलूनला उरत होते ७० आणि त्याला लागतात ९०. फुटणार नाही तर काय करणार बिचारा. तुमच्या गाडीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान आला तर स्पेसरनं काम होणार नाही, लांब मापाचा बलूनच घ्या, कारण लांब बलून चेपला जातो, ठोकळा जात नाही.

स्पेसर करून घेतला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. बेळगावात राहून लेथचं काम बाहेर करणं म्हणजे गोव्यात राहून मासे विकत आणायला कोल्हापूरला जाणं. नायलॉनचा रॉड घेतला. लाकूड पाणी पितं आणि चिरतं, पीव्हीसी पाईपचा काठ बलून कापतो, रबराच्या चकत्या एकमेकांवरनं सरकतात. कॉईलची आतली डाया ११०, स्पेसर १०० ची केली, सगळीकडनं ५ मिमी सुटी, कारण चिखल मध्ये अडकला की कॉईल ठोकळ्याला धरते आणि करकर वाजते. वर ६ मिमी खोल वाटी कोरली, बलूनचा तळ त्यात बसतो. हे सगळ्यात कामाचं. लांब शॉकअपमुळं चाक लटकलं की आतली जागा ३९० पर्यंत जाते, बलून आणि स्पेसर मिळून २८५, म्हणजे तेव्हा बलून मोकळाच असतो, पण खाली वाटी असली की तो तिरका न होता परत जागेवर येतो. फक्त उंची मोजायची ती वाटीच्या तळापासून. एकूण ठोकळा ६१ चा, कामाची उंची ५५. पहिला मी एकूण ५५ चाच सांगून आलो होतो, परत जावं लागलं. लेथवाले अण्णा म्हणाले, "मालक, कॅरम कुठला खेळालाय एवढ्या स्ट्रायकरनं?" सगळ्या काठांना चॅम्फर, म्हणजे धार तिरकी मारून घ्यायची, हात फिरवून बघा, बोटाला लागलं तर बलूनला लागणारच. मधल्या भोकातनं खालच्या सीटला बोल्ट, डोकं आत बुडलेलं, आणि बाजूला तीन छोटी भोकं पाण्याला. भोकं नसली तर वाटीत चिखलाचं दही लागतं.

स्पेसर खाली, नोझल वर. कारण वरची बाजू बॉडीची, ती हलत नाही, नळी एक्सलबरोबर नाचत नाही. पण चाक लटकतं तेव्हा बलून स्पेसरबरोबर खाली जातो, म्हणून नळीला वीतभर ढील ठेवायची आणि ती ढील सीटच्या वर ठेवायची, आत ठेवली तर बलूनच्या डोक्याखाली चेंगरते. सायलेन्सरपासून नळी वीतभर तरी लांब. दोन्ही बलून एका टीवर जोडू नका. किटमध्ये टी येते म्हणून सगळे जोडतात, पण घाटात वळणावर बाहेरच्या बाजूचा बलून दाबला की त्याची हवा आतल्याकडं पळते आणि गाडी अजून कलंडते. दोन वेगळ्या नळ्या, दोन व्हॉल्व्ह, नंबरप्लेटच्या मागं. खर्च शे-दोनशेचा.

बसवून झाल्यावर खात्री करायची तर कॉईलच्या आतनं खडू घासा, वीसेक किलोमीटर खराब रस्त्यानं जाऊन या आणि बलूनवर खडू कुठं उमटला बघा. सगळीकडनं हलका लागला तर चालतंय. एकाच बाजूला गडद पट्टा असेल तर एक्सल बाजूला सरकलंय. लिफ्ट केली की पॅनहार्ड रॉड (एक्सल आणि चासीला आडवा जोडणारा दांडा) एक्सलला एका बाजूला ओढतो, खालची आणि वरची सीट एका रेषेत राहत नाहीत, बलून केळीसारखा वाकतो. माझं ८ मिमी सरकलं होतं, अॅडजस्ट होणारा रॉड घातला, सरळ झालं. हे स्पेसरच्या आधी बघायला हवं होतं, पण असो.

हवेचं. रिकामी गाडी ८, पोती असली की २२ ते २५. गेज लावताना दरवेळी फुस्स होऊन एक-दोन पीएसआय जातात, टायरमध्ये हे कळत नाही पण बलूनमध्ये हवाच एवढीशी असते, त्यामुळं रोज चेक करणाऱ्याचा बलून रोज उतरतो आणि तो लीक शोधत बसतो. मीही बसलोय. दुसरं म्हणजे बेळगाव समुद्रापासून सुमारे ७५० मीटर उंच. इथं भरून चोर्ला उतरून पणजीत मोजलं तर गेज साधारण एक-सव्वा पीएसआय कमी दाखवतो, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त. २५ वर असताना काही बिघडत नाही, पण इथं ५ वर ठेवून निघालात तर खाली ती चारच्याही खाली जाते आणि बलून सुरकुततो. म्हणून गोव्याला निघताना रिकाम्या गाडीतही ८ च्या खाली ठेवत नाही.

कुणी विचारणारच म्हणून, बलूननं गाडीची लोडची मर्यादा वाढत नाही, गाडी सपाट दिसते एवढंच, एक्सल आणि ब्रेक तेच आहेत. मागच्या एक्सलला लोड बघून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर लिफ्टनंतर त्याची लिंक सेट करून घ्या, नाहीतर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते. आणि लिफ्ट हा फेरफार आहे, मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम त्यावर बोलतं, केए-२२ असो नाहीतर एमएच-०९, इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी हेच आधी काढतो. मी लिफ्ट केली ती शेताच्या वाटेसाठी, तुम्ही आपलं बघून करा.

५५ चा स्पेसर घातल्याला आता एक पूर्ण पावसाळा झाला. परवा चाकं काढली तेव्हा दोन्ही बलून बाहेर घेऊन धुतले, डावीकडच्यावर खडूएवढी फिकट एक रेघ आहे, उजवा कोरा. वाटीतली तीनातली दोन भोकं मातीनं बुजली होती, म्हणून आता ती ६ मिमीऐवजी ८ ची करून घेणार आहे, गुरुवारी उद्यमबागेत जायचंच आहे.